माझ्या अंगात वीज उतरली

मी एक जुना पंखा आहे. तीन पात्यांचा, एका शिवणकामाच्या खोलीत छताला टांगलेला. मित्रांनो, वय झालं की जरा बढाया माराव्याशा वाटतात, म्हणून मीही तुम्हाला माझ्या वाऱ्याच्या गोष्टी सांगणार होतो. पण मागच्या महिन्यात जे घडलं, त्यानं माझी बोलतीच बंद झाली. अजूनही मला ते खरं वाटत नाही.

आधी सुरुवातीचं सांगतो. कारखान्यात तांब्याची बारीक तार गुंडाळून माझं पोट भरलं, पाती वजन करून जुळवली आणि दोन दिवस न थांबता मला फिरवून पाहिलं. मी कुरकुरलो नाही, की डुललो नाही. तपासणाऱ्या बाईंनी माझ्यावर शिक्का मारला तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! तिथून खोक्यात बसून मी थेट या घरात आलो.

हे घर घड्याळजींचं. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान दोन गल्ल्या सोडून आहे. त्यांची बायको घरी कपडे शिवते. सगळी गल्ली तिला काकू म्हणते, म्हणून मीही म्हणतो. काकू कापड जमिनीवर पसरून, गुडघ्यांवर बसून कापतात. खोलीतला दिवा होता भिंतीवर, त्यांच्या पाठीमागे. त्यामुळे कात्री जिथे चालायची, नेमकी तिथेच त्यांची सावली पडायची. एकदा एका नव्याकोऱ्या कोटाची बाही वाकडी कापली गेली आणि काकूंना पदरच्या पैशानं नवं कापड आणावं लागलं.

घड्याळजींच्या जिवाला ते लागलं. खोलीच्या मधोमध छताला एकच कडी, आणि तिला मी लटकलेलो. "मग पंख्यातच दिवा बसवतो," ते म्हणाले. काकूंनी कपाळाला हात लावला.

पहिला दिवा त्यांनी माझ्या पात्यांच्या वर लावला. मी फिरलो की साऱ्या कापडावर सावल्या नाचायच्या. "अहो, काढा ते! माझं डोकं गरगरतंय," काकू ओरडल्या. मग माझी न फिरणारी मधली दांडी पोकळ आहे हे त्यांनी हेरलं, तिच्यातून तारा खाली नेल्या आणि माझ्या पोटाखाली चपटा गोल दिवा बसवला. पण दिव्याला वेगळं बटण द्यायचं तर भिंतीपासून छतापर्यंत आणखी एक तार हवी. छतातल्या नळीत तीन तारा होत्या. चौथी काही केल्या शिरेना.

इथे नीट ऐका, मित्रांनो. लाल तार वीज आणते. काळी तार ती परत नेते. हिरवी तार राखणदार असते. एरवी तिच्यात वीज नसते. चुकून वीज पंख्याच्या अंगात उतरलीच, तर ती जमिनीत सोडून द्यायची, एवढंच तिचं काम. म्हणून हिरवा रंग दिसला की माणूस तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकतो.

घड्याळजींनी ती हिरवी तार जमिनीपासून सोडवली आणि दिव्याच्या बटणाला जोडली. वर छताजवळ, तारा झाकणाऱ्या माझ्या वाटीत, तिला दुसरी हिरवी तार जोडून ती दांडीतून दिव्यापर्यंत नेली. आता तिच्यातून दिव्याची वीज येऊ लागली. जोड मात्र इतका सुबक, वर काकूंच्या शिवणाचा दोरा गुंडाळलेला, की पाहत राहावं.

बटण दाबलं आणि कापडावर लख्ख उजेड पडला. सावलीचा मागमूस नाही. काकू हसल्या, आणि घड्याळजी चक्क लाजले. त्यांची लेक तेव्हा शाळेत होती. येईल त्या मैत्रिणीला माझ्याखाली उभी करून ती बटण दाबून दाखवायची. तिच्याकडून घड्याळजींनी एकच गोष्ट घोकून घेतली होती, "आधी बटण, मग हात." विजेच्या वस्तूला काहीही होवो, आधी बटण बंद करायचं, मगच हात लावायचा.

बारा वर्षं गेली. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. माझ्या पात्यांवर धुळीची काळी किनार जमली. मागच्या वर्षी तो दिवा गेला. वायरमन आला तेव्हा घड्याळजी दुकानात होते. त्यानं मेन स्विच बंद केला, दिवा उतरवला आणि असला दिवा आता मिळायचा नाही, असं सांगून टाकलं. मग त्याला मोकळी झालेली हिरवी तार दिसली.

"बघा काकू, अर्थिंगची तार लोंबकळतेय! कुणा अडाण्यानं केलंय हे काम?" असं म्हणून त्यानं ती माझ्या दांडीला घट्ट आवळून टाकली. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

मी हादरलो. त्या तारेचं दुसरं टोक कुठे आहे, हे मला ठाऊक होतं. पण पंख्याला वाचा कुठली? दिव्याचं बटण बंद होतं, म्हणून काही झालं नाही. दिवाच नाही तर ते बटण दाबणार कोण, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो.

मागच्या महिन्यात लेक माहेरी यायची होती. काकूंनी घर घासूनपुसून काढलं. ओल्या पायांनी त्या लोखंडी स्टुलावर चढल्या, डाव्या हातानं माझी दांडी धरली आणि उजव्या हातातल्या ओल्या फडक्यानं पाती पुसू लागल्या. किती दिवसांनी कुणी मला हात लावत होतं! खिडकीवर धुतलेल्या चादरी वाळत घातल्या होत्या, म्हणून भर दुपारी खोलीत अंधारलं होतं.

दार लोटून लेक आत आली. "आई, अंधारात काय गं चढून बसलीस? थांब, दिवा लावते."

दिवा काढल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिचा हात त्या बटणाकडे गेला. नको! नको गं पोरी! टक् असा आवाज झाला.

ज्या हातांसाठी तो दिवा लावला होता, त्याच हातात माझ्या अंगातून वीज घुसली. काकूंची बोटं दांडीला चिकटली, सुटेनात. तोंड उघडं, आवाज नाही. "आई? आई गं!" लेक हात पुढे करून धावली. ती आईला धरणार आणि दोघीही जाणार, हे मला दिसत होतं. आणि मध्येच ती थबकली. तिचे ओठ हलले, "आधी बटण." ती गर्रकन उलटी फिरली आणि तिनं तळहातानं बटणावर फटका मारला.

काकू कापडाच्या गठ्ठ्यांवर कोसळल्या. मनगट मोडलं, तळहात भाजला, पण जीव वाचला.

दुसऱ्या दिवशी वायरमननं माझी छताजवळची वाटी खाली सरकवली. घड्याळजींनी तो जोड पाहिला, वरचा दोरा पाहिला आणि ते मटकन खाली बसले.

"काल हिनं सांगितलं, तू कुणा अडाण्याचं काम म्हणालास. तो अडाणी मीच," ते म्हणाले. "हिरव्या तारेत वीज मी आणली."

वायरमनचा चेहरा पांढराफटक पडला. "काका, मीही तार कुठून येते ते बघितलं नाही. रंग बघितला नि आवळली."

"तुला कळणार कसं? मी कुठे लिहून ठेवलं होतं?" घड्याळजी म्हणाले. "लोकांच्या घड्याळाच्या झाकणात आतून सुईनं कोरून ठेवतो मी, काय बदललं, कधी बदललं. पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. चाळीस वर्षं! आणि स्वतःच्या घरात म्हटलं, घरचंच तर आहे, लक्षात राहील."

मला वाटलं, आता मला भंगारात देतील. द्यावंच, असंही वाटलं. पण प्लास्टरमधला हात छातीशी धरून काकू दारात उभ्या होत्या. "मला पुन्हा सावलीत कापायला लावताय की काय? दिवा लावा. पण या वेळी नीट."

वायरमननं भिंतीवरून प्लास्टिकची पट्टी मारून तिच्यातून दिव्यासाठी वेगळी तार आणली. हिरवी तार पुन्हा जमिनीला जोडली. टेस्टर लावून दोनदा पाहिलं. तरी घड्याळजी म्हणाले, "आधी मी." ते स्टुलावर चढले, माझी दांडी मुठीत धरली आणि लेकीला बटण दाबायला सांगितलं. मित्रांनो, हे तुम्ही मात्र कधीही करू नका. नवा दिवा लागला. माझं अंग शांत राहिलं. घड्याळजी दांडी सोडेनात, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अहो, चिकटलात की काय? उतरा आता," काकू म्हणाल्या.

पुन्हा मेन स्विच बंद करून घड्याळजींनी दुकानातल्या सुईनं माझ्या वाटीच्या आत कोरलं, कोणती तार कुठून कुठे जाते, तारीख, आणि खाली एक ओळ: 'आधी हिरव्या तारेत वीज होती. चूक माझी.'

मित्रांनो, वस्तू खुशाल बदला, तिला नवे दिवे लावा. पण काय बदललं ते तिथेच लिहून ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगा. तुमच्यानंतर स्टुलावर चढणाऱ्याला तुमच्या मनातलं दिसत नाही, आणि आम्हाला बोलता येत नाही. काकूंचं मनगट अजून दुखतं. बाही कापता कापता त्या मध्येच थांबतात आणि ते दाबत बसतात. माझ्याच उजेडात मला ते रोज दिसतं.