बारा तारखेचं तिकीट

शरयूने फॉर्मवरची तारीख दोनदा वाचली आणि पेनचं टोपण काढलं. बारा तारीख, गाडी शून्य पंचवीसची, म्हणजे मध्यरात्रीनंतर पंचवीस मिनिटांची, वर्धा ते हावडा, माणसं दोन.

"बाराले रात्री जेवून आरामात निघू," तिकीट खिडकीपलीकडून प्रभाकरराव म्हणाले. "तेराले संध्याकाळी कलकत्ता. चौदाले सकाळी माझा सत्कार. शिक्षकांचं संमेलन आहे, देशभरातून लोक येऊन राह्यले!"

चूक तिथंच होती. बाराच्या रात्री जेवून निघणाऱ्याला तिकीट तेराचं लागतं, कारण रेल्वेची तारीख मध्यरात्री बदलते. लोकांचा दिवस मात्र उजाडल्याशिवाय बदलत नाही. म्हणून या गाडीचं तिकीट देण्याआधी शरयू प्रत्येकाला विचारायची, "कोणत्या तारखेला जेवून निघणार?" आणि तारीख एकाने पुढे ढकलायची. चार वर्षांत तिने कुणाचीही गाडी अशी चुकू दिली नव्हती.

या माणसाला तिने विचारलं नाही. आठ वर्षांपूर्वी आई दवाखान्यात असताना ती शाळेत शिकवायला पाऊण तास उशिरा पोचली होती. तेव्हा मुख्याध्यापक असलेल्या प्रभाकररावांनी तिला भरवर्गात घड्याळ दाखवलं, आणि आठवड्याभरात नोकरीवरून काढून घरी बसवलं. ती आग अजून विझली नव्हती. आता बाराच्या रात्री गाडी येईल, पण मास्तरांची जागा आदल्याच रात्री कलकत्त्याला निघून गेलेली असेल. बसा म्हणावं हार गळ्यात पडायची वाट बघत.

तिने बारा तारखेचं तिकीट पुढे सरकवलं. प्रभाकररावांनी ते न बघताच मागे उभ्या असलेल्या बायकोकडे दिलं.

"हे नीट धर. हरवशील नाहीतर," असं म्हणून ते रिक्षा ठरवायला बाहेर गेले.

कौशल्याबाईंनी तिकीट डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचलं. शरयूला एकदम वाईट वाटलं. गाडी चुकली की फलाटावर बोलणी खायची ती या बाईनेच.

"बाई, तारीख चुकलीय. द्या इकडं, तेराचं करून देते."

"ठाऊक हाये मले," कौशल्याबाई हळूच म्हणाल्या. "माहा भाऊ याच गाडीनं गावाले वापस जाते."

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

"माही माय गोंदियाले शेवटच्या घटका मोजत होती. शाळेत परीक्षा हाये, घरी कोन पायते म्हणून यायनं मले चार दिस जाऊ देल्लं नाई. मायचं तोंड नाई पायलं म्या." त्यांनी तिकिटाची घडी पिशवीच्या तळाशी सारली. "राहू द्या बाराचंच. त्या दिवशी पुरनाचा सैपाक करतो. पोटभर जेवतीन, मंग निघू सावकाश."

शरयूने फॉर्म गठ्ठ्यात खोचला.

"तूप सैल हाताने वाढा," ती म्हणाली.