बाबांना खाली न्यायचंय

"दादा, एकच का बनवलंस? जोडी कुठंय?"

माझ्याकडे बोट दाखवून धाकट्यानं विचारलं होतं. दादा नुसता हसला. पुढे दादा गेल्यावर धाकट्यानं हेच आईला विचारलं, बाबांना विचारलं, दादा कामाला होता त्या गॅरेजातल्या मिस्त्रीलाही विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही.

मी ते डंबेल. गॅरेजातल्या भंगारातला नळीचा तुकडा, त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी चकत्या, असं दादानं मला घडवलं. मुठीला टोचू नये म्हणून वर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. कोपर कुशीला चिकटवून तो मला सावकाश खांद्यापर्यंत न्यायचा आणि त्याहून सावकाश खाली आणायचा. दंड फुगवून मिरवायची हौस नव्हती त्याला. बाबांचे पाय निकामी झालेले. दर रविवारी दादा त्यांना दोन्ही हातांवर घेऊन जिना उतरायचा आणि अंगणात उन्हात बसवायचा.

मग एकदा गाडीखाली काम करताना जॅक सरकला. दादा घरी आलाच नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी धाकटा कुणाला न विचारता बाबांना उचलायला गेला. अर्ध्यावरच हात सुटले. दोघंही पलंगावर धपकन आदळले.

"तुला काही कळतं का रे?" आई धावत आली.

बाबा छताकडे बघत म्हणाले, "राहू दे गं. माझं कुठं अडलंय बाहेर?"

ते धाकट्याच्या जिव्हारी लागलं. त्यानं मला पलंगाखालून ओढून काढलं आणि रागारागानं झुलवायला लागला. कंबरेतून हिसका, खांद्यातून हिसका, आणि शेवटी मी दाणकन जमिनीवर. फरशी तडकलीच.

"मला उचलणार आहेस की झोका देणार आहेस?" बाबांनी विचारलं. "कोपर कुशीला लाव. मनगट सरळ. आणि वर नेलंस तसं खाली आणतानाही धर. सोडून काय देतोस?"

"तुम्हाला काय माहीत?"

"रोज इथूनच बघत होतो त्याला."

धाकटा मला मांडीवर घेऊन मटकन खाली बसला. ट्यूबवर दादाच्या बोटांचे खळगे पडले होते. त्यांत त्यानं आपली बोटं ठेवून पाहिली. बसेनात. तेव्हा तो रडला, दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

त्यानंतर रोज आधी उजवा हात, मग डावा.

"डावा आळशी आहे तुझा. आईवर गेलाय," बाबा म्हणायचे.

"ऐकू येतंय मला!" स्वयंपाकघरातून उत्तर यायचं.

हळूहळू माझं ओझं त्याला जाणवेनासं झालं. आता तो मला क्वचितच हातात घेतो. वाईट वाटत नाही. त्यानं मला आता निरोप दिला तरी चालेल.

पण आज सकाळी एक काम निघालं. आई खुर्ची आणि उशी घेऊन आधीच खाली गेली होती. आमचं दार स्प्रिंगचं, आपोआप मिटणारं. धाकट्यानं ते सताड उघडलं, मला त्याला टेकवून ठेवलं आणि आत वळला. बाबांना हातांवर घेऊन तो बाहेर आला. बाबांनी डोळे गच्च मिटले होते. पहिल्या पायरीवर तो थांबला, श्वास घेतला, आणि उतरू लागला. मागून दार मला रेटत होतं. मी तसूभरही हललो नाही.