मेमधले पंधरा दिवस

आमच्या टापूतल्या अकरा घरांपैकी दहांनी दलदलीतला आपापला पट्टा सोडायच्या कागदावर सह्या केल्या होत्या. अकरावी मी. म्हणून पट्टे घेणाऱ्या कंपनीचा माणूस, फिंटन डफी, रोज सकाळी माझ्या दारात यायचा, माझाच चहा ढोसायचा आणि वर मलाच ऐकवायचा.

"ॲट्रॅक्टा, तू एकटी सगळ्यांना अडवून बसलीयस. एका पट्ट्यात जरी पीट कापणं चालू राहिलं तरी अख्ख्या दलदलीत पाणी कोंडता येत नाही."

"मग नका कोंडू."

"अगं, सरकारचं धोरण आहे! दलदल ओली राहिली की हवा सुधारते. आणि कंपनीत पैसा कॅनडातल्या मास्तरांच्या पेन्शन फंडाचा. एकदम पक्का."

"मास्तरांना म्हणावं, आधी स्वतःच्या अंगणात पाणी भरा."

गावाला वाटायचं, म्हातारीला जास्त भाव हवाय. वाटू दे मेल्यांना. खरं सांगू? पीट, म्हणजे दलदलीतली ती जळाऊ माती, जाळलं की मला खोकला येतो. घरात केव्हाच विजेचा हीटर आलाय. पट्टा मला हवा होता तो मॅलकीसाठी.

पीट जाळून वीज करणारा कारखाना बंद झाला आणि मॅलकी, माझा नवरा, पवनचक्क्या दुरुस्त करायला डेन्मार्कच्या समुद्रावर गेला. यायचा नाताळला दोन दिवस, आणि मेमध्ये पंधरा दिवस, पीट कापायला. ते काम दोघांचं. तो खाली चरात उभा राहून लांब फावड्याने पीटची ओली वीट कापणार आणि वर फेकणार, मी काठावर झेलणार. तीस वर्षांत एक वीट खाली पडू दिली नाही मी. ती थंडगार वीट पोटाशी येऊन आदळली की जीव सुखावायचा. मग दलदलीतच किटलीतला चहा, त्याची बडबड, माझं खेकसणं. वर्षभर मी त्यावर काढायचे.

गेल्या साली तर मी चौथ्याच दिवशी विटा सुकायला एकमेकींना टेकवून उभ्या केल्या. ओल्या विटा उभ्या केल्या की बसतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. सगळ्या कोसळल्या. मॅलकी ओरडला, "जन्म दलदलीत गेला, अक्कल कुठे गेली गं तुझी?" पण त्या पुन्हा रचायला तीन दिवस जास्त राहिला. मी मुकाट्याने बोलणी खाल्ली.

मार्चमध्ये फिंटन म्हणाला, "काल मॅलकीशी बोललो मी. म्हणाला, सुटू दे एकदाचा तो पट्टा."

माझं डोकंच सणकलं. त्याला नको, तर मला कशाला? कागद ओढला. वर कंपनीचं चिन्ह होतं, मॅलकीच्या कामाच्या जाकिटावर असतं तेच. म्हणजे त्याला तिकडे ठेवून घेणारेही हेच आणि इकडची त्याची वाट बुजवणारेही हेच. तरी सही ठोकली, रागाने.

संध्याकाळी फोन लावला. "झालं तुझ्या मनासारखं. दिला पट्टा."

"बरं केलंस. हात सोलवटायचे तुझे दरवर्षी, बघवायचं नाही मला. म्हणून तर फिंटनला तसं म्हटलं."

"हातांचं काय घेऊन बसलास? मेमध्ये येणार ना?"

"मेमध्ये? मेमधली इथली कामाची पाळी घेतली की मी. फिंटन म्हणाला, पट्टा जाणारच, मग..."

"अरे मूर्खा, मला पीट कधी हवं होतं? मला तू हवा असायचास!"

तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "अगं, पाठ मोडून जायची माझी त्या कामाने. तुला आवडतं म्हणून यायचो मी."

"मग पाळी रद्द कर."

"आज सकाळीच पाळीच्या कागदावर सही केली गं. बदली माणूस नाही इथे."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटायला लागले.

"नाताळला येतो ना," तो म्हणाला.

नाताळला नऊ महिने होते. आम्हा दोघांपैकी कुणीच फोन ठेवेना.