दामिनीच्या अंगात येतं

कंपनीत शर्ट तपासायचं काम माझं. नांदगाव पेठेतल्या त्या कारखान्यात दिवसभर टेबलाशी उभं राहायचं आणि कॉलर, काजं, बटणं, शिलाई बघायची. बघता बघता एक वेळ अशी येते की डोळे उघडे असतात आणि दिसत काहीच नाही. गेल्या महिन्यात माझ्या हातून गेलेला एक खोका परत आला. एका शर्टाच्या दोन बाह्या दोन मापांच्या! आमच्या सुपरवायझर पौर्णिमा मॅडम ओरडल्या नाहीत. "दामिनीताई, आणखी एक खोका वापस आला, तर मले तुमाले टेबलावरून काढा लागीन," एवढंच म्हणाल्या. मग जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच मला ध्यान शिकवलं. पाठ ताठ, डोळे मिटलेले, श्वास बघायचा. मन पळालं तर रागवायचं नाही, परत आणायचं. रोज एकाच वेळी, एकाच जागी, दहा मिनिटं.

दहा मिनिटं! या बाईच्या घरी बहुधा दुसरं कोणी राहत नसावं.

घरी आल्यावर मी देव्हाऱ्यासमोर बसायचे. श्वास आत जातो न जातो तोच माझा नवरा किशोर विचारायचा, "चाय होऊन राहिला का?" श्वास बाहेर येईपर्यंत पोरीचं गणित अडलेलं असायचं. मग कोणी म्हणायचं, "झोपली का वं?" भरल्या घरात बाई हातात काम नसताना बसली, म्हणजे एक तर ती आजारी, नाही तर रुसलेली. तिसरं कारण कोणाला सुचतच नाही. रोज बसत होते, रोज उठत होते. नुसता वैताग आला होता.

एका मंगळवारी इतकी दमले होते की बसल्या बसल्या डुलायला लागले. मान पुढे गेली, केस सुटले. कपाळावर कुंकवाचा ओला हात फिरला तेव्हा जागी झाले. समोर माझ्या सासूबाई, पार्वताबाई, हात जोडून उभ्या. मागे वळून त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "माय आली हिच्या अंगात. टीव्ही बंद करा. आता रोज येईन ते, याच टायमाले."

टीव्ही बंद झाला. किशोरनं तर घरातल्या घरात चपला काढल्या. मी हबकले, पण डोळे परत मिटून घेतले. या बाबतीत सासूबाईंचा शब्द शेवटचा. तेल्हाऱ्याला शेतावरच्या घरी त्यांच्या स्वतःच्या अंगात दर मंगळवारी देवी यायची, अख्खं गाव मानायचं. गुडघे गेले, त्या इथे आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हापासून ते बंद झालं होतं.

त्या दिवसापासून माझी दहा मिनिटं मला मिळू लागली. हळूहळू कामावर डोळेही परत आले. उसवलेली शिलाई हात लावायच्या आधीच दिसायची. खोका काही परत आला नाही.

पण मन खात होतं. शेजारची वच्छलाबाई नारळ घेऊन यायला लागली. मी गप्प बसायचे, तर ती त्या गप्प बसण्याचाही अर्थ लावून जायची. आणि काल किशोर म्हणाला, तो ज्या बियाण्यांच्या दुकानात काम करतो, त्याच्या मालकाची बायको येणार आहे. तिला मूल होत नाही, म्हणून विचारायला. खरं सांगितलं तर माझी दहा मिनिटं जाणार आणि त्यांच्यामागून टेबलही जाणार. पण त्या बाईसमोर मी खोटी देवी होऊन कशी बसू?

आज दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "आत्याबाई, माया अंगात कोनी येत नाही. मी नुसती बसून राहते."

सासूबाई वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मले का समजत नाही? त्या दिवशी तू घोरत होती. देवी घोरते का?"

"मंग तुमी कावून..."

"बसाचं हाये मनली असती, तर बसू देलं असतं का तुले कोनं?" त्यांनी हातातली वात पुरी केली. "आन तेल्हाऱ्याले माया अंगात तरी कोन येत होतं वं? वावर, चूल, ढोरं, घरभर मानसं. मंगळवारी तेवढंच बसाले भेटे."

सगळा जन्म ही बाई थकली, आणि घटकाभर टेकायला तिला देवी व्हावं लागलं. इतक्या वर्षांत कोणाला कळलं नाही, मलाही नाही.

"त्या मालकिनीले मी सांगीन, मायनं मौन धरलं, तू दवाखान्यात जाय," त्या म्हणाल्या. "बस तू. डोये मिट."

मी सरकून सतरंजीवर जागा केली. गुडघे दाबत, भिंतीला धरत त्या शेजारी बसल्या, पाय लांब केले. तेवढ्यात बाहेरून किशोरची हाक आली, "चाय होऊन राहिला का?"

"दोघीच्याबी अंगात आली रे!" सासूबाई ओरडल्या. "आज तूच मांड चाय."

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.