बोलकी माशी

चष्मेवाल्याला स्वतःच्या मासेमारीबद्दल काडीचाही गैरसमज नव्हता. "तलावातले मासे मला घाबरत नाहीत, ओळखीचा माणूस म्हणून बघायला येतात," असं तो गिऱ्हाइकांना आपणहून सांगायचा. आजवर त्याचा गळ माशांपेक्षा स्वतःच्याच कॉलरला जास्त वेळा लागला होता. माशी बांधण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. ही माशी म्हणजे घरात घोंघावते ती नव्हे हो. गळावर पिसं आणि रेशमी दोरा गुंडाळून जो खोटा किडा तयार करतात, त्याला मासे पकडणारी मंडळी माशी म्हणतात. दिवसभर चष्म्याचे मोहरीएवढे स्क्रू फिरवणाऱ्या बोटांना ते काम म्हणजे डाव्या हातचा मळ.

त्यातही त्याची खासियत होती वाजणारी माशी. तलावाचं पाणी गढूळ, शेवाळ दाट. अशा पाण्यात मरळीसारखा दांडगा शिकारी मासा नुसत्या डोळ्यांवर विसंबत नाही. कुठं काही वळवळलं, वाजलं, की तो तिकडे झडप घालतो. म्हणून माशीच्या पोटात इवलीशी काचेची नळी, नळीत बारीक छर्रे आणि वरून पिसांचा झगा. दोरी ओढली की ती हलकेच खुळखुळली पाहिजे. हलकेच, हे महत्त्वाचं.

दर रविवारी सकाळी तो आणि त्याची बायको नाव घेऊन निघायचे. वल्ही बायकोकडे, कारण त्याच्या हातात वल्ही दिली की नाव जागच्या जागी गिरक्या घ्यायची. पूर्वी बायको नावेत अखंड बोलायची आणि हा "हळू बोल, मासे पळतील" म्हणून कुरकुरायचा. गेलं वर्षभर मात्र ती अगदी शांत झाली होती. याचं श्रेय चष्मेवाल्यानं बिनदिक्कत स्वतःकडे घेतलं. "बायकोला गप्प बसवणं जमलं, तिथं मासा काय चीज आहे," असं तो दुकानात चारचौघांत सांगायचा. अकलेचे तारे तोडायला कुणाची परवानगी लागत नाही.

अशात एका दुपारी, भाजी निवडता निवडता, बायको त्याच्या समोर बसून एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मी आता नावेत येणार नाही. तुम्ही एकटे जात जा."

"का गं?"

"नाही यायचं मला." आणि ती ताट उचलून आत गेली.

चष्मेवाल्याचं धाबं दणाणलं. वल्ह्यांचं एक वेळ सोडा, पण बायको सोबत नसेल तर त्या नावेत बसायचं कशाला? तिच्याशिवाय त्याला करमत नसे. हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं त्याला वाटायचं. आता कारण शोधायला त्यानं डोकं लढवलं, आणि त्याचं डोकं हमखास भलत्याच बाजूनं लढतं. वर्षभरात एक मरळ लागली नाही, ही बया कंटाळणार नाही तर काय? एक दणदणीत मासा आणून पुढ्यात ठेवला की झालं, येईल निमूट.

मग दुकानामागच्या खोलीत कारखाना सुरू झाला. त्यानं जुनी माशी कानाशी धरून हलवली. काही नाही, मुकी. डिंक नळीत गेला असणार. दुसरी बांधली, तीही मुकी. मोठे छर्रे घातले, मग दोन नळ्या घातल्या. शेवटी काच टाकून देऊन त्यानं पत्र्याची नळी कापली आणि तिच्यात सायकलच्या चाकातल्या लोखंडी गोळ्या भरल्या. ती कानाशी हलवल्यावर कुठं त्याचं समाधान झालं. आता कशी बाई कुजबुजायला लागली.

तेवढ्यात शाळेच्या मुख्याध्यापिका जुना चष्मा घेऊन आल्या. हल्ली पुस्तकांची छपाईच बारीक झालीय, नंबर वाढलेला नाही, यावर त्या ठाम होत्या.

"छपाई तेवढीच आहे, बाई," चष्मेवाला समजुतीच्या सुरात म्हणाला. "डोळे थकलेत. माणूस कबूल करत नाही, तिथंच सगळं घोडं अडतं."

"ते असू द्या. तुमच्या हातात हे काय वाजतंय एवढं?"

"वाजतंय कुठं, अजून बरंच काम बाकी आहे," तो विनयानं म्हणाला.

रविवारी वल्ही मारायला त्यानं मेहुण्याला धरून आणलं. हा बायकोचा धाकटा भाऊ, ट्रकचा मेकॅनिक, तोंडाचा फटकळ. लव्हाळ्यांजवळ नाव थांबली. चष्मेवाल्यानं माशी फेकली, या खेपेला कॉलर वाचली, आणि दोरीला झटके देत त्यानं ती ओढायला सुरुवात केली. काठावरचे बगळे एकदम उडाले. लव्हाळ्यांत चारपाच ठिकाणी पाणी ढवळलं आणि मोठाल्या लाटा काढत मरळी पलीकडच्या काठाकडे पळत सुटल्या. तलावात इतके मासे आहेत, हे चष्मेवाल्याला आज पहिल्यांदा दिसलं, आणि तेही पाठमोरे.

मेहुण्यानं वल्ही सोडून दोन्ही कान दाबले होते. चष्मेवाल्याला त्याचे नुसतेच ओठ हलताना दिसले. मग मेहुणा उठून जवळ आला आणि तोंडासमोर तोंड आणून ओरडला, "भावोजी, हे काय बांधलंय? गिअरबॉक्स फुटल्यासारखा आवाज येतोय."

"थट्टा करू नकोस. जेमतेम ऐकू येतंय."

मेहुणा तिथंच समोर बसला आणि मोठ्यानं, सावकाश म्हणाला, "ताई म्हणाली होती, यांना ऐकू येईनासं झालंय की आपल्याशी बोलायचंच नाहीये, काही कळत नाही. मी म्हटलं, छे, भावोजींना काय झालंय. वर्षभर ती नावेत तुमच्या पाठीशी बोलतेय. तुम्ही वळूनसुद्धा बघत नाही. रडली परवा."

बायकोला गप्प बसवलं म्हणून आपण गावभर मिरवलं, आणि गप्प कुणी बसलंच नव्हतं. दुसऱ्यांचे नंबर काढण्यात हयात गेली आणि स्वतःचा शहाणपणा असा. असल्या गाढवाला नावेत घेतं कोण, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं मेहुण्याला नाव घराकडे वळवायला सांगितली.

घरी बायको ओट्याशी पाठमोरी उभी राहून भांडी घासत होती. तो तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जातो. पण तू नावेत काय काय बोलायचीस?"

तिनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. मग मोठ्यानं म्हणाली, "काय बोलणार? इकडचं तिकडचं. गुडघा दुखतो, भाची नापास झाली. घरी तुम्ही नुसती मान तरी डोलवता, नावेत तेही नाही."

"मग चिडलीस कशाला?"

"मागच्या रविवारी मी तुम्हाला एक विचारलं होतं. तेव्हा वळून बघितलंत माझ्याकडे. छान हसलात. आणि मान डोलावलीत."

"काय विचारलं होतंस?"

तिनं परत भांड्यात हात घातला, मान खाली घातली आणि काहीतरी म्हणाली. नळाचं पाणी पातेल्यावर आपटत होतं. चष्मेवाल्याला अक्षरही ऐकू आलं नाही. सवयीनं त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, मान हलायला लागली, आणि त्यानं ती जिवाच्या आकांतानं जागच्या जागी थांबवली.

"नाही ऐकू आलं," तो म्हणाला. "परत सांग."

तिनं नळ बंद केला. ओले हात पदराला पुसले, त्याच्या कानापाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "विचारलं होतं, मी नावेत नकोशी झालेय का तुम्हाला?"