काबुराचं नाव

माझा नवरा गिचुकी आपल्या पाच वर्षांच्या लेकीला 'आई' म्हणतो. तिचं नाव न्यागुथी, म्हणजे त्याच्या आईचं. थोरला मुलगा गाटेरू, गिचुकीच्या बापाच्या नावाचा. त्याला तो "बाबा, जेवलात का?" असं अदबीनं विचारतो. आमची रीतच आहे तशी. पहिला मुलगा, पहिली मुलगी नवऱ्याकडच्यांच्या नावाची. त्यानंतरच्या मुलाला माझ्या बापाचं नाव आणि मुलीला माझ्या आईचं. नाव मिळालं की माणूस परत आलं, असं धरतात. ही रीत पडली तेव्हा डोंगरउतारावर जागा मुबलक होती आणि बाईला कुणी विचारत नव्हतं.

आम्ही चौघं नैरोबीत गिथुराईला एका खोलीत राहतो. न्यागुथीनंतर मी दवाखान्यात जाऊन दंडात काड्या बसवून घेतल्या, पुढे मूल नको म्हणून. गिचुकीला विचारूनच. त्यात काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण माझ्या आईला, काबुराला, मी एकटीच. तिचं नाव पुढे न्यायला जगात एकच पोट होतं आणि त्याला मी कुलूप घालून बसले होते.

"माझं काय ठरलं गं?" ती फोनवर विचारायची.

"आणि मुलगा झाला तर?"

"तर तुझा बाप येईल. तो कायमच न बोलावता यायचा. मग पुढच्या वेळी मी."

मी हसण्यावारी न्यायची. पण आईच्या छातीचं दुखणं वाढलं, तिचा आवाज खोल गेला, तेव्हा मला राहवेना. काड्या काढून घेते म्हटलं. गिचुकी फक्त "बघ तू" म्हणाला. दवाखान्यात सोबत करायला आई गावाहून आली, पिशवीभर अळूचे कंद घेऊन.

जेवणं झाली तसं गिचुकीनं पांघरूण काखोटीला मारलं. सासू-जावयानं एका छपराखाली निजू नये, आणि आमचं छप्पर एवढंच.

"जावईबापू, कुठं निघालात?"

"मित्राच्या केशकर्तनालयात, सासूबाई. खुर्ची मस्त मागे कलते तिथली. राजासारखा झोपतो."

आई पोरांजवळ पलंगावर निजली. मी खाली, पाय टेबलाखाली घालून, नाहीतर दार उघडत नाही. ती बघत होती.

सकाळी गिचुकी वाकडी मान घेऊन आला, उभ्यानंच चहा प्याला आणि कामावर गेला. लोकांच्या तीन-तीन खोल्यांच्या घरांना गिलावा करतो तो. आई संडासाच्या रांगेत उभी राहिली, पाण्याच्या रांगेत उभी राहिली. चाळीच्या राखणदारानं हटकलं, "म्हातारी कायमची आहे का? पाण्याचे पैसे माणशी वाढतील हां." आईनं भरलेला हंडा उचलला.

दवाखान्याच्या बाकावर तिनं माझा दंड हातात घेतला आणि कातडीखालच्या काड्या बोटानं चाचपल्या.

"दुखतात का?"

"नाही."

"मग राहू देत."

"आई, अगं तुझं नाव..."

"मला निजवशील कुठं? टेबलाखाली? मी आले की पैशापायी न्यागुथीची शाळा सुटणार, जावईबापूंची मान आणखी वाकडी होणार. असं कुणाच्या उरावर येऊन बसायला मी काय तुझा बाप आहे?"

मी हसले. नर्सनं नाव पुकारलं तेव्हा आईनं माझा हात धरून ठेवला. काड्या तशाच ठेवून बाहेर आलो तेव्हा मला हायसं वाटलं होतं, आणि तेच आता खात राहतं. गावच्या गाडीत बसताना तिनं पोरांसाठी केळी घेऊन दिली. खिडकीतून म्हणाली, "कंद नीट उकड, नाहीतर घसा खाजतो."

पुढच्या मोठ्या पावसाळ्यात ती वारली. तिच्याच मळ्यात, केळीच्या बुंध्यांपाशी पुरलं तिला.

परवा न्यागुथीच्या वेण्या घालत होते. गिचुकी घरात नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, मान सरळ ठेव."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मी बाबांची आई आहे. तुझी नाही."

"मग माझी कुठंय?"

तिनं खोलीभर नजर फिरवली, पलंगावर, टेबलाखाली. नीट विचार करून म्हणाली, "तुझी आलीच नाही."

मी वेणी घालत राहिले.