दोनदा मोजलेली दाढ

"सहा," ताई म्हणाल्या.

टेबलापाशी आकडे उतरवून घेणाऱ्या लेखनिक बाई थांबल्या. "ताई, सकाळी याच दाढेला पाच सांगितलं होतंत. आणि यंत्र दोन्ही वेळा चारच म्हणतंय."

ताई चोवीस वर्षं दंतरुग्णालयाच्या हिरड्यांच्या विभागात होत्या. खुणा आखलेला बारीक सळईसारखा प्रोब दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत घालायचा आणि तो किती मिलिमीटर आत जातो ते मोठ्यानं सांगायचं, हे त्यांचं काम. सहा किंवा त्याहून जास्त आलं, की हिरडीच्या ऑपरेशनचा विचार व्हायचा. महिन्यापूर्वी तेच करणारं यंत्र आलं. ते ठरलेल्या दाबानं आत जायचं आणि आकडा आपोआप पडद्यावर उमटायचा. आता प्रत्येक दात दोन्ही रीतींनी दोनदा मोजून तुलना चालली होती.

खुर्चीत सकाळपासून ताटकळलेले निवृत्त पोस्टमनकाका वैतागले. "चार, पाच, सहा! माझ्या दाढेचा लिलाव मांडलाय का? ऑपरेशन करायचं की नाही, तेवढं सांगा."

ताईंनी पुन्हा प्रोब घातला. चारवर कीटणाचा खडा लागला. यंत्र इथंच अडत असेल, त्यांना वाटलं. खड्याला वळसा घालून प्रोब खाली सरकला. सहा. की आपणच जास्त दाबतोय? मग सकाळी पाच कसे आले?

"मला कळत नाहीये, काका," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत पेशंटला असं उत्तर त्यांनी कधी दिलं नव्हतं.

डॉक्टरांनी येऊन कागद पाहिला. "कीटण काढू, महिन्यानं पुन्हा मोजू. तोवर ऑपरेशन नको." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण यंत्राचे आकडे जुळतात, तुमचे जुळत नाहीत. सकाळचा खोडून टाकायचा का?"

"नको. दोन्ही माझेच आहेत. राहू द्या."

काका सुटल्यासारखे निघून गेले. ताईंच्या डोक्यात मात्र नुसता गुंता. आपल्या सहावर कितीजणांच्या हिरड्या कापल्या गेल्या असतील? आणि आपल्या पाचवर किती जण तसेच घरी गेले?

जेवणाच्या सुट्टीत त्या कोरा प्रोब घेऊन औषधं तोलायच्या खोलीत गेल्या. दाब पंचवीस ग्रॅमच्या आसपास असावा, असं त्या शिकल्या होत्या. काट्यावर टोक टेकवलं. बावीस. पुन्हा टेकवलं. एकतीस. मग सव्वीस.

औषधवाल्या बाई दारात आल्या. "अहो, डबे उघडलेत, चला. काय तोलताय एवढं?"

"हात," ताई म्हणाल्या आणि त्यांनी प्रोब पुन्हा टेकवला.